घरातील विषारी पदार्थ आणि पाळीव कुत्रा

पावसाळा सुरू झाला की शेतातील उंदीर घराच्या आश्रयास येतात आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी घरोघरी विषारी आमिषे ठेवली जातात. उंदरास आवडावे म्हणून ते विष धान्यात, पिठात किंवा तेलात कालवलेले असते. साहजिकच ते कुत्र्यासही आवडते. अशा वेळी पुष्कळ पशुपालक, ‘कुत्रा तर ठणठणीत आहे, थोडी वाट पाहू’ असा विचार करतात. हीच वाट पाहणे अनेकदा घातक ठरते.

प्रचलित उंदीरनाशकांपैकी दोन येथे विचारात घेऊ. पहिले ब्रोमॅडिओलोन. रक्त गोठविणारे घटक तयार होण्यास ‘के’ जीवनसत्त्व लागते. त्याचा शरीरातील पुनर्वापर हे विष रोखते. मात्र आधीचे घटक काही दिवस पुरत असल्यामुळे लक्षणे साधारणतः तीन ते पाच दिवसांनी दिसतात. मरगळ, फिकट हिरड्या, धाप, खोकला आणि नाकातून किंवा विष्ठेवाटे रक्त ही ती लक्षणे होत. यावर ‘के-१’ जीवनसत्त्व हा खात्रीचा उतारा असून तो काही आठवडे द्यावा लागतो.

दुसरे झिंक फॉस्फाइड ही काळपट भुकटी. जठरातील आम्लाशी संयोग होताच तिच्यातून फॉस्फीन हा जहाल वायू निघतो. लक्षणे बहुधा काही तासांतच दिसतात आणि यावर खास उतारा नाही. पोटात अन्न गेले की आम्ल वाढते व वायूही अधिक निघतो. म्हणून विषबाधा झालेल्या कुत्र्यास दूधभाकरी चारण्याचा प्रघात येथे अपायकारक होय. त्याच्या उलटीतून निघणारा वायू माणसासही बाधक असल्याने कुत्र्यास मोकळ्या हवेत ठेवावे.

दोन्ही विषे उंदरांसाठीच असली, तरी उपचार सर्वस्वी भिन्न आहेत. यास्तव विषाचे वेष्टन फेकून न देता जपून ठेवावे व दवाखान्यात नेताना बरोबर घ्यावे. कीटकनाशके अधिनियम, १९६८ अन्वये वेष्टनावर विषाचे नाव आणि तीव्रतादर्शक रंग छापलेला असतो. लाल रंग सर्वाधिक तीव्रतेचा असून त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे.

ज्यांवर अशी सूचना नसते, असेही पदार्थ घरात असतात. तापासाठी माणसास दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याच्या यकृतास, तर आयबुप्रोफेन जठरास व मूत्रपिंडास इजा करू शकते. द्राक्षे व बेदाणे यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा व लसूण यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हृदयास अपायकारक असते. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलमुळे रक्तातील साखर अर्ध्या तासातही एकाएकी उतरू शकते. डांबरगोळ्या व फिनेल हेही विषारीच होत. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत कुत्र्यास तीवर फिरू देऊ नये, कारण तो नंतर पंजे चाटतो.

विष पोटात गेल्याचा संशय येताच पुढीलप्रमाणे करावे :

१. तोंडातील उरलेला पदार्थ काढून टाकावा. काय, किती व केव्हा खाल्ले याची नोंद करावी.

२. लक्षणांची वाट न पाहता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. उलटी करविण्याचा उपाय बहुधा पहिल्या एक-दोन तासांतच उपयोगी पडतो.

३. मिठाचे पाणी, तेल किंवा दूध पाजू नये. अधिक मीठ स्वतःच विषासमान ठरते.

४. रॉकेल, आम्ल किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेल्यास उलटी मुळीच करवू नये. त्यामुळे अन्ननलिकेस व फुप्फुसांस आणखी इजा होते.

आमिषे कुत्र्याचे तोंड पोहोचणार नाही अशा बंदिस्त पेटीतच ठेवावीत आणि किती वड्या कोठे ठेवल्या हे लिहून ठेवावे. सकाळी मोजताना एखादी वडी कमी भरली, तर ती उंदरानेच नेली असे गृहीत धरू नये. कुत्रा खेळत-बागडत असतानाच त्यास दवाखान्यात न्यावे, कारण उपचारास यश येण्याचा काळ तोच असतो.