घर शोधणारी फोटोसूची

आईवडिलांच्या घरी सुरक्षित राहू न शकणाऱ्या मुलाची जबाबदारी अमेरिकेत राज्य सरकार घेते आणि त्याला तात्पुरते दुसऱ्या कुटुंबात किंवा नातेवाइकांकडे ठेवते. या व्यवस्थेला फोस्टर केअर म्हणतात. २०२० नंतरच्या काही वर्षांत तिथे अशी साडेतीन ते चार लाख मुले होती. मूल स्वतःच्या घरी परत जावे, हा पहिला प्रयत्न असतो आणि जवळपास निम्मी मुले परत जातातही. ज्यांना जाता येत नाही, त्यांच्याबाबत १९९७ च्या संघीय कायद्याने एक मुदत घातली आहे. मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फोस्टर केअरमध्ये राहिले असेल, तर काही अपवाद वगळता राज्याने जन्मदात्यांचे पालकत्वाचे हक्क संपवण्यासाठी न्यायालयात जायचे असते. ते हक्क संपले की मूल दत्तक जाण्यास कायद्याने मोकळे होते.

मोकळे झालेल्या मुलांपैकी बहुतेकांना त्यांचे फोस्टर पालक किंवा नातेवाईकच दत्तक घेतात. त्यांच्यासाठी कुठे शोध घ्यावा लागत नाही. उरतात ती मुले वयाने मोठी असतात, किंवा दोघा-तिघा भावंडांसह एकत्र जाऊ इच्छिणारी असतात, किंवा त्यांना एखादे अपंगत्व वा दीर्घ आजार असतो. त्यांना ओळखणाऱ्या माणसांपैकी कोणीही घर देऊ शकलेले नसते. मग त्यांची ओळख अनोळखी माणसांना करून द्यावी लागते. हे काम आज मुख्यतः इंटरनेटवरून होते. मुलाचा फोटो, पहिले नाव आणि चार-सहा परिच्छेदांचा परिचय संकेतस्थळावर ठेवला जातो. या क्षेत्रातले लोक त्याला फोटोलिस्टिंग, म्हणजे फोटोसूची म्हणतात. सूचीतून घर मिळाले नाही, तर मूल १८ व्या वर्षी, अनेक राज्यांत २१ व्या वर्षी, व्यवस्थेतून बाहेर पडते. अशी तरुण मुले दरवर्षी पंधरा ते वीस हजार असतात; त्यांतल्या अनेकांना सणाला जायला घर नसते, आजारपणात फोन करायला कोणी नसते. फोटोसूचीचे मोल ठरवताना हा आकडा समोर ठेवायला हवा.

मुलांचे फोटो छापून पालक शोधण्याची पद्धत इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. ‘द डेलिनिएटर’ या महिलांच्या मासिकाने १९०७ मध्ये अनाथ मुलांची छायाचित्रे आणि हकिकती छापायला सुरुवात केली. कादंबरीकार थिओडोर ड्रायझर तेव्हा त्या मासिकाचे संपादक होते. वाचकांच्या पत्रांचा ओघ लागला आणि निराधार मुलांना संस्थेपेक्षा कुटुंबात वाढवावे, हा विचार सर्वदूर पोहोचला. १९०९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये या विषयावर परिषद भरली, त्यामागे या मोहिमेचाही वाटा होता. परिषदेच्या शिफारशीतून १९१२ मध्ये चिल्ड्रन्स ब्युरो हे संघीय कार्यालय उभे राहिले.

त्याच साधनाचा घोर गैरवापरही झाला. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात जॉर्जिया टॅन ही बाई १९२४ पासून १९५० पर्यंत एक बालगृह चालवत होती. गरीब आयांना फसवून मुले काढून घ्यायची आणि दूरच्या श्रीमंत कुटुंबांना भरमसाट पैसे घेऊन द्यायची, हा तिचा धंदा होता. नाताळच्या सुमारास स्थानिक वर्तमानपत्रात बाळांचे फोटो भेटवस्तूसारखे छापून येत. मुलाच्या बाजूने प्रश्न विचारणारे तिथे कोणीच नव्हते. फोटोसूचीवर आज जी बंधने आहेत, त्यांची गरज अशा अनुभवांतून कळते.

पुढच्या टप्प्यात सूची सरकारी व्यवस्थेशी जोडली गेली. मॅसेच्युसेट्समध्ये १९५७ मध्ये राज्यभरातील मुले आणि पालक यांची सांगड घालणारी संस्था सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथल्या एका संस्थेने १९७२ पासून फोटोसूचीचे पुस्तक काढले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्थानिक दूरचित्रवाहिन्यांच्या बातम्यांत आठवड्यातून एका मुलाची ओळख करून दिली जाऊ लागली. १९९० च्या दशकाच्या मध्यात हीच सूची इंटरनेटवर आली आणि २००२ मध्ये ‘अ‍ॅडॉप्टयूएसकिड्स’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले. ते चिल्ड्रन्स ब्युरोच्या निधीवर चालते. आदल्याच वर्षी न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात एका कलादालनात ‘हार्ट गॅलरी’ हे प्रदर्शन भरले होते. व्यावसायिक छायाचित्रकारांनी मोबदला न घेता फोस्टर मुलांची छायाचित्रे काढली आणि ती कलाकृतींच्या मानाने भिंतीवर लावली. ही कल्पना राज्याराज्यांत पसरली आणि फोटोसूचीच्या छायाचित्रांचा दर्जा तिने कायमचा उंचावला.

एका मुलाची नोंद सूचीत कशी येते, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे. सुरुवात परवानगीपासून होते. मुलाची जबाबदारी ज्या संस्थेकडे आहे तिची मंजुरी लागते आणि काही ठिकाणी न्यायालयाचीही. मोठ्या मुलाला आधी विचारले जाते. अनेक राज्यांत १२ किंवा १४ वर्षांपुढील मुलाच्या संमतीशिवाय दत्तकविधान होतच नाही, त्यामुळे त्याच्या मनाविरुद्ध त्याचा फोटो लावण्यात अर्थ नसतो. ‘मला कोणी दत्तक घ्यायला नको’ असे सांगणारी मुले बरीच असतात. आपण दुसऱ्या घरी गेलो तर आईशी बेइमानी होईल, धाकट्या भावाची ताटातूट होईल, पुन्हा कोणी परत पाठवेल, अशी भीती त्या नकाराच्या मागे असते. जाणती समाजकार्यकर्ती तो नकार कागदावर नोंदवून मोकळी होत नाही. त्याच्या मागचे कारण समजून घेते आणि काही महिन्यांनी तोच विषय पुन्हा काढते.

मग फोटो. पूर्वी तो कार्यालयातल्या भिंतीपुढे, खुर्चीत बसवून काढलेला असे आणि ओळखपत्रावर चिकटवावा तसा दिसे. हार्ट गॅलरीच्या छायाचित्रकारांनी मुलाला ठिकाण आणि कपडे निवडू दिले. कोणी बास्केटबॉलच्या मैदानावर उभे राहते, कोणी घोड्याजवळ. छायाचित्रणाचा तो दिवस मुलासाठी नुसत्या कौतुकाचाही असतो, आणि तसा दिवस त्याच्या वाट्याला फारसा आलेला नसतो. फोटो वेळच्या वेळी बदलावा लागतो. सूचीत सहा वर्षांचा हसरा चेहरा आणि प्रत्यक्षात दहा वर्षांचा मुलगा, असे झाले तर पहिल्याच भेटीत पालकांना आपली फसगत झाल्यासारखे वाटते आणि त्याचा भार मुलावर पडतो.

सगळ्यांत कठीण काम मजकुराचे. केस फाइलमध्ये मुलाचा इतिहास तक्रारींच्या भाषेत साचलेला असतो: आक्रमक, सूचना न पाळणारा, चार घरांतून परत आलेला. तोच मजकूर संकेतस्थळावर आला तर कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. याच्या उलट टोकाला ‘हसतमुख, लाघवी, सर्वांना हवाहवासा’ असा मजकूर असतो. तो शंभर मुलांना लावता येतो, म्हणून एकाचीही ओळख करून देत नाही. शिवाय त्यावर विसंबून पुढे आलेले कुटुंब पहिल्या कठीण महिन्यात कोसळते. चांगला मजकूर लिहिणारी व्यक्ती मुलाबरोबर वेळ घालवते, फोस्टर आईशी आणि शिक्षकांशी बोलते आणि वागणे दिसेल असे लिहिते. ‘आक्रमक’ या शब्दाच्या जागी ती असे लिहील: ‘राग आला की तो खोलीत जाऊन दार लावतो. अर्ध्या तासाने स्वतःच बाहेर येतो आणि तेव्हा बोलायला तयार असतो. त्या अर्ध्या तासात दार न वाजवणारी माणसे त्याला हवी आहेत.’ एवढ्यात मुलाचा स्वभावही कळतो आणि कसले घर हवे तेही. ज्या कुटुंबाला दार न वाजवणे जमणार नाही, ते इथेच थांबते, आणि तेही मुलाच्या भल्याचेच आहे.

काय लिहायचे नाही, याचे नियम काटेकोर असतात. आडनाव, शाळा आणि गाव येत नाही. झालेल्या अत्याचाराचा उल्लेख येत नाही. वैद्यकीय आणि मानसिक निदान उघड्या पानावर दिले जात नाही; ते पुढे, तपासणी पूर्ण झालेल्या कुटुंबालाच सविस्तर सांगितले जाते. मात्र भावंडांशी संपर्क ठेवायला हवा, आजीला महिन्यातून एकदा भेटायचे आहे, अशा अटी स्पष्ट लिहिल्या जातात. प्रसिद्ध होण्यापूर्वी मजकूर मुलाला वाचून दाखवावा. वर्गमित्राने हे पान उघडले तर मुलाला मान खाली घालावी लागेल का, हा या मजकुराचा खरा निकष आहे. जिथे मुलाला स्वतःचे दोन शब्द लिहू दिले जातात किंवा छोट्या चित्रफितीत बोलू दिले जाते, तिथे ओळख सर्वांत खरी उतरते.

पान प्रसिद्ध झाल्यावर ते कोणालाही पाहता येते, पण मुलापर्यंत कोणालाही पोहोचता येत नाही. विशिष्ट मुलाविषयी पुढे जाण्यासाठी कुटुंबाचा ‘होम स्टडी’ पूर्ण झालेला असावा लागतो. त्यात बोटांचे ठसे आणि गुन्हेगारी नोंदींची तपासणी, घरभेटी, मुलाखती, उत्पन्न व आरोग्याची माहिती आणि प्रशिक्षण येते. त्याला काही महिने लागतात. मग मुलाची समाजकार्यकर्ती आलेले अहवाल वाचते, दोन-तीन कुटुंबे निवडते, आणि पहिल्या भेटीपासून मूल राहायला जाईपर्यंत भेटींची मालिका चालते. कुटुंब दुसऱ्या राज्यातले असेल तर आंतरराज्य कराराची कागदपत्रे दोन्हीकडच्या कार्यालयांतून फिरतात आणि आणखी महिने जातात. खर्चाची अडचण मात्र कमी आहे. फोस्टर केअरमधून दत्तक घेणे जवळपास विनाशुल्क असते आणि बहुतेक मुलांना १९८० च्या कायद्यानुसार मासिक साहाय्य मिळते.

खरी गळती दोन माणसांच्या संपर्कात होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, चौकशीचा पहिला फोन करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक दत्तकापर्यंत पोहोचतात आणि बरेच जण सुरुवातीच्या संवादातच मागे फिरतात. फोन उचलला जात नाही, उत्तर आठवड्यांनी येते, आणि येते तेव्हा मदतीपेक्षा चाळणीच्या सुरात येते. पान कितीही सुंदर असो, त्यावर आलेल्या चौकशीला दोन दिवसांत आपुलकीने उत्तर देणारा माणूस नसेल तर ते पान वाया जाते. संकेतस्थळाला किती लोकांनी भेट दिली, हा आकडा अहवालात शोभतो. मुलाच्या उपयोगाचा आकडा किती उत्तरे गेली हा आहे.

या पद्धतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. सरकारच्या ताब्यातल्या मुलाचा चेहरा जगापुढे ठेवणे म्हणजे त्याच्या खासगीपणाचा भंग नाही का? चित्रे चाळत मूल ‘निवडणे’ बाजारासारखे होत नाही का? घर मिळाल्यावर मूळ पान काढले जाते, पण त्याची प्रत कोणाकडे राहिली आहे हे कळत नाही. म्हणून काही ठिकाणी संवेदनशील नोंदी फक्त तपासणी झालेल्या कुटुंबांनाच दिसतात. ही मर्यादा जास्त मुलांना लावायला हवी. देखरेख नसली तर काय घडते, हे २०१३ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या शोधमालिकेत समोर आले. दत्तक घेतलेली मुले नकोशी झाल्यावर काही पालक याहू आणि फेसबुकवरच्या गटांत त्यांची माहिती टाकत आणि कोणत्याही तपासणीशिवाय अनोळखी माणसांच्या हवाली करत. त्यानंतर अनेक राज्यांनी असे व्यवहार रोखणारे कायदे केले.

सूची एकटी पुरत नाही, हेही अनुभवातून सिद्ध झाले आहे. दत्तकविधानासाठी काम करणारी डेव्ह थॉमस फाउंडेशन ही अमेरिकन संस्था २००४ पासून ‘वेंडीज वंडरफुल किड्स’ हा कार्यक्रम चालवते. त्यात एका कार्यकर्त्याकडे मोजकीच मुले असतात. तो मुलाची जुनी फाइल वाचून त्याच्या आयुष्यात येऊन गेलेली माणसे शोधतो: जुने शिक्षक, प्रशिक्षक, दूरची मावशी. २०११ मध्ये जाहीर झालेल्या मूल्यमापनात या कार्यक्रमातील मुलांना दत्तक घर मिळण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट आढळली. मोठ्या वयाच्या आणि मानसिक आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत ती सुमारे तिप्पट होती. फोटोसूची या शोधाच्या जोडीला असावी, त्याच्या जागी नव्हे.

भारताने या बाबतीत वेगळी वाट घेतली आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, फोटो किंवा ओळख पटेल अशी माहिती कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दत्तकप्रक्रिया ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्स’ पोर्टलवरून चालते आणि मुलाचा फोटो व अहवाल नोंदणी केलेल्या पालकांनाच दिसतो. इथे नोंदणी केलेले पालक दत्तक देण्याजोग्या मुलांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहेत. तरीही मोठी मुले आणि विशेष गरजा असलेली मुले इथेही मागेच राहतात. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार फोस्टर कुटुंबाला दोन वर्षांनी ते मूल दत्तक घेण्याचा मार्ग खुला झाला आहे. आधी ही मुदत पाच वर्षे होती.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘आईवडील गेले, दोन लहान मुली आहेत, दत्तक घ्यायच्या असतील तर या क्रमांकावर फोन करा’ अशा आशयाचे निरोप महाराष्ट्रातही फोनोफोनी फिरले. त्या वर्षीच्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बेकायदा दत्तक-आवाहने करणाऱ्यांवर कारवाई करण्याचे निर्देश राज्यांना दिले. असा निरोप पुन्हा आला तर तो पुढे पाठवू नये आणि त्यातल्या क्रमांकावर फोनही करू नये. १०९८ या बालसेवा क्रमांकावर कळवावे, म्हणजे ती माहिती बालकल्याण समितीपर्यंत पोहोचते. आणि ज्यांना खरोखर मूल घरी आणायचे आहे, त्यांनी केअरिंग्सवर नोंदणी करताना मोठ्या वयाच्या मुलाचा पर्याय एकदा तरी मनापासून विचारात घ्यावा.