शालेय संगणक-खरेदी आणि भाषेचे कलम

शाळांसाठी यंत्रसामग्री विकत घेणे हा हिशेबखात्याचा विषय होय, भाषा-साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काही संबंध नाही, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः विद्यार्थ्याला यंत्रावर आपल्या भाषेत शुद्ध लिहिता येईल की नाही, याचा निर्णय वर्गात होण्याच्या कितीतरी आधी निविदेच्या मसुद्यात झालेला असतो. या दृष्टीने बंगळूरहून चालणाऱ्या कर्नाटकाच्या शिक्षणव्यवस्थेचे उदाहरण उद्बोधक आहे. तीत कन्नडबरोबर मराठी, उर्दू, तमिळ, तेलुगू इत्यादी माध्यमांच्या शाळा आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी या परिसरातील मराठी शाळांची पाठ्यपुस्तके बंगळूरच्या कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेकडून निघतात.

शासकीय पातळीवर शालेय संगणकाचा आरंभ १९८४-८५ साली ‘क्लास’ या केंद्रीय योजनेने झाला. प्रारंभी सुमारे २५० शाळांना देण्यात आलेले ‘बीबीसी मायक्रो’ हे यंत्र ब्रिटिश घडणीचे होते आणि त्याचा मूळ अक्षरसंच रोमन होता. यंत्र निवडले गेले तेव्हाच त्यावरील व्यवहाराची भाषाही बहुतांशी निवडली गेली, असे म्हणता येईल.

पुढे २००१ साली कर्नाटकाने ‘माहिती सिंधू’ ही योजना एक हजार शासकीय माध्यमिक शाळांसाठी हाती घेतली आणि तिची अंमलबजावणी खाजगी कंपन्यांकडे सोपविली. २००४ च्या केंद्रीय योजनेनंतर अनेक राज्यांत अशीच पद्धत रूढ झाली. कंपनीने यंत्रे बसवावीत, ठराविक वर्षे आपल्या निदेशकांकरवी चालवावीत आणि मुदतीअखेर शाळेच्या स्वाधीन करावीत, असे तिचे स्वरूप. मुदत संपली की निदेशक निघून जातात. मागे उरतात जुनी झालेली यंत्रे आणि ती हाताळण्याचा सराव नसलेले शिक्षक. बंगळूरच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने कर्नाटकाच्या या पद्धतीची तुलना केरळच्या पद्धतीशी केली. केरळने शाळेतील नेहमीच्या शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन मुक्त संगणकप्रणालींचा अवलंब केला होता. ज्ञान शाळेतच मुरावयाचे असेल तर केरळचा मार्ग अधिक टिकाऊ, हे या तुलनेतून दिसून येते.

यावरून पहिले तत्त्व निष्पन्न होते. खरेदी ही एका दिवसाची घटना नसून अनेक वर्षांची बांधिलकी आहे. यंत्राच्या किमतीबरोबर वीज, दुरुस्ती, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि निकामी यंत्रांची विल्हेवाट यांचा खर्च आरंभीच मांडला पाहिजे.

दुसरे तत्त्व भाषेचे. कर्नाटकाच्या १९९९ च्या सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायद्यानुसार सर्वांत कमी ठरणारी निविदा स्वीकारावयाची असते. पण ‘कमी’ कोणती, हे निविदेत नमूद केलेल्या वस्तुनिष्ठ व मोजता येण्याजोग्या निकषांवर ठरते. म्हणून जे निविदेत लिहिलेले नाही ते मोजलेही जात नाही. ‘भारतीय भाषांची सोय असावी’ एवढे मोघम वाक्य कोणताही विक्रेता सहज पुरे करतो. हिंदीपुरती देवनागरी चालली की मराठीही चालली, असे तो गृहीत धरतो.

हे गृहीत चुकीचे आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन निराळे शब्द. एकात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद केवळ रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांच्या भेदावर उभा आहे. कळफलकावर तो ‘ऱ’ नसेल तर ‘वऱ्हाड’ शुद्ध लिहिता येत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्याआधीचे टंक त्याला ओळखत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला व लिपी यांविषयी प्रमाणीकरणाचा निर्णय काढला. परंतु दुसऱ्या राज्याच्या निविदेत तो आपोआप उतरत नाही. शिवाय एखाद्या कंपनीच्या खाजगी सांकेतिक पद्धतीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही. शिक्षकांनी वर्षानुवर्षे तयार केलेल्या प्रश्नपत्रिका, शब्दसूची आणि संकलित लोकगीते यंत्र बदलताच निरुपयोगी होतात. साहित्याच्या अभ्यासकाला ही हानी परकी वाटू नये.

तेव्हा निविदेत भाषेचे कलम स्पष्ट असावे: मजकूर युनिकोडमध्येच साठविला जावा; इनस्क्रिप्ट कळफलक असावा; प्रत्येक माध्यमासाठी पन्नास-साठ कसोटीशब्दांची यादी जोडावी आणि ते शब्द यंत्रावर लिहून, छापून व शोधून दाखविल्याशिवाय माल स्वीकारू नये. राष्ट्रीय शालेय माहिती-तंत्रज्ञान धोरणाने २०१२ साली मुक्त प्रणालींना दिलेले प्राधान्यही येथे उपयोगी पडते, कारण अशा प्रणालींत उणीव आढळल्यास ती दुरुस्त करण्याचा अधिकार विक्रेत्यापुरता मर्यादित राहत नाही.

अशी यादी हिशेबनीस तयार करू शकणार नाही. कोणती जोडाक्षरे भाषेच्या अर्थाला आवश्यक आहेत, हे त्या भाषेचा अभ्यासकच सांगू शकतो. खरेदी-समितीत त्याला स्थान नसेल, तर त्याने ही यादी निविदा निघण्यापूर्वी समितीच्या हाती द्यावी. करार झाल्यानंतर केलेल्या तक्रारीला कायद्यात फारशी जागा उरत नाही.