कॅम्परव्हॅन गावात नेताना

कॅम्परव्हॅन घेऊन भोसरीहून नाशिक रस्त्याने निघून राजगुरुनगरला डावीकडे वळलं की चासकमान धरण आणि पुढे भीमाशंकर. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण धोरण आलं म्हणून गावात सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय होत नाही. ती जबाबदारी गाडीवाल्याचीच. ‘एका गाडीचं साबणपाणी ते किती?’ असं विचारतात. पण शनिवार-रविवारी धरणाच्या काठावर एकच गाडी नसते, आणि तेच पाणी गुरं पितात. खरकट्याचं तेलकट पाणी टाकीतच ठेवा, शौचालयाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी मैल्याची टाकी, घरी आणून संडासात ओता. नदीत, ओढ्यात तर मुळीच नको.

‘माळ मोकळाच तर आहे’ हेही पटणारं नाही. पड जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, गायरानावर गावाची गुरं चरतात, अभयारण्यात वन खात्याची परवानगी लागते. शिवाय अनोळखी माळावर रात्री मदतीला येणार कोण? धोका गाडीच्या आतही असतो. पावसात काचा लावून शेगडी पेटती ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो. झोपेतच जीव जातो. स्वयंपाक खिडकी उघडून करा, झोपण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. आणि मुक्कामाआधी जमीनमालकाला किंवा सरपंचांना विचारा, दूध-भाजी त्याच गावातून घ्या.