निकाल रोखून धरण्याची कला

दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या वा नृत्याच्या स्पर्धेत दर आठवड्याच्या अखेरीस एक क्षण ठरलेला असतो. दिवे मंदावतात, हृदयाच्या ठोक्यांसारखा ताल सुरू होतो, दोन स्पर्धक एकमेकांचे हात घट्ट धरून उभे राहतात आणि निवेदक म्हणतो, ‘आज आपला निरोप घेणार आहे...’ येथे तो थांबतो. कॅमेरा एका स्पर्धकाच्या पापण्यांवर जातो, मग दुसऱ्याच्या आईवर, मग परीक्षकांच्या मिटलेल्या ओठांवर. पाच सेकंद, दहा सेकंद, कधी पुरते अर्धे मिनिट. अखेर निवेदक सांगतो की, उत्तर मिळेल, पण छोट्याशा विश्रांतीनंतर. घरोघर माणसे चरफडतात आणि जागची हलत मात्र नाहीत.

हा प्रकार सवंग म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, आणि सुशिक्षित मंडळी बहुधा तेच करतात. (रात्री साडेनऊला तीच मंडळी कोठे बसलेली असतात, हा प्रश्न येथे विचारू नये.) परंतु कोट्यवधी लोकांना एका नावासाठी तासभर जागेवर खिळवून ठेवणारे तंत्र हे मानवी मनाविषयी काही जाणणारे तंत्र असले पाहिजे. त्याची घडण समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर धावचीत झाला की नाही, हे तिसऱ्या पंचाने चित्रफीत पाहून ठरविले. या पद्धतीने बाद ठरलेला तो जगातील पहिला फलंदाज. त्या वेळी मैदान खोळंबले होते ते निर्णयच झालेला नसल्यामुळे. गायनस्पर्धेच्या रंगमंचावर तसे नसते. मतांची मोजणी संपलेली असते, नाव निश्चित झालेले असते, ते नियंत्रण-कक्षातील मोजक्या माणसांना ठाऊक असते आणि निवेदकाच्या हातातील कागदावर उतरलेलेही असते. येथील प्रतीक्षा घडवावी लागते, जोपासावी लागते. शालान्त परीक्षेचा निकाल वृत्तपत्रात क्रमांकांनी छापून येत असे, तो काळ ज्यांना आठवतो त्यांना हा फरक चटकन कळेल. आपला क्रमांक रकान्यात नसला की सारे समजून येई. ते क्रूर होते, पण त्या क्रूरतेत कोणी रंग भरीत नसे.

या कलेला आजचे रूप आले ते गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. ऑक्टोबर २००१ मध्ये ब्रिटनच्या ‘आयटीव्ही’वर ‘पॉप आयडॉल’ ही गायनस्पर्धा सुरू झाली. जून २००२ मध्ये अमेरिकेत ‘फॉक्स’ वाहिनीने तिची ‘अमेरिकन आयडॉल’ ही आवृत्ती काढली. आणि २००४ साली तोच साचा ‘इंडियन आयडॉल’ या नावाने ‘सोनी’वर आला. मार्च २००५ मध्ये त्याचे पहिले विजेतेपद मुंबईच्या अभिजीत सावंतने मिळविले, तेव्हापासून मराठी घरांनाही या साच्याची ओळख जवळून झाली.

अमेरिकन कार्यक्रमाच्या भरभराटीच्या वर्षांत गाणी एका रात्री होत आणि निकाल दुसऱ्या रात्री लागे. निकालाच्या त्या कार्यक्रमात नवी अशी माहिती किती? एक नाव. ते उच्चारण्यास दोन सेकंद पुरतात. उरलेला वेळ समूहगीत, पाहुण्या गायकाचे गाणे, पुरस्कर्त्या मोटार-कंपनीसाठी स्पर्धकांनी केलेली चित्रफीत आणि अर्थातच जाहिराती यांनी भरून काढला जाई. कार्यक्रमाचा वेळ जाहिरातींना विकला जातो, हे सर्वांना माहीत आहे. येथे त्या दोन सेकंदांच्या अलीकडचा सारा काळ विकला जात होता.

त्यासाठी लोकांची अपेक्षा सतत हलती ठेवावी लागते. २००४ च्या एप्रिलमध्ये जेनिफर हडसनसह तीन उत्तम गायिका तळाच्या तिघींत आल्याचे जाहीर झाले, तेव्हा प्रेक्षक अवाक् झाले. त्या रात्री हडसन बाद झाली. (पुढे २००७ साली तिला ‘ड्रीमगर्ल्स’मधील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, हा त्या मतदारांना काळाने दिलेला जबाब म्हणायचा.) एप्रिल २००७ मध्ये याच्या अगदी उलट घडले. मदतनिधीसाठी योजलेल्या खास भागात धक्कादायक निकालाची हवा तापवत नेली आणि शेवटी सांगितले की, आज कोणीच जाणार नाही. मारण्याची भीती दाखवून जीवदान देणे ही युक्ती नंतर आपल्याकडील कार्यक्रमांतही इतकी रुळली की, सणावाराच्या आठवड्यात जाणते प्रेक्षक ती गृहीत धरू लागले.

निकालातील एकही अक्षर न बदलता केवळ क्रम बदलून काय साधता येते, याचा नमुना मात्र ‘सर्व्हायव्हर’मध्ये पाहावा. स्वीडनमध्ये १९९७ साली निघालेल्या एका कार्यक्रमावरून बेतलेली ही स्पर्धा अमेरिकेत २००० साली सुरू झाली. निर्जन बेटावर राहणारे स्पर्धक रात्री जमून गुप्त मतदान करतात आणि आपल्यातील एकाला घालवतात. निवेदक जेफ प्रोब्स्ट मतपात्र घेऊन येतो आणि एकेक चिठ्ठी उलगडून वाचतो. या चिठ्ठ्या पडलेल्या क्रमाने वाचल्या जात नाहीत. त्या आधी पाहून, चुरस टिकेल अशा क्रमाने लावलेल्या असतात. समजा, आठ मते आहेत. पाच एकाच्या विरुद्ध आणि तीन दुसऱ्याच्या. कशाही वाचल्या तर पाचव्या चिठ्ठीलाच खेळ आटोपण्याची भीती. म्हणून एक याची, एक त्याची, असे करीत तीन-तीनची बरोबरी आणायची. सातवी चिठ्ठी पारडे झुकवते, पण आठवी उलट निघाली तर पुन्हा बरोबरी होईल, ही आशा उरते. बेटावर जो निर्णय स्पष्ट बहुमताने झाला, तो पडद्यावर निसटता भासतो. कोणी खोटे बोललेले नाही आणि तरी पाहणाऱ्याच्या मनात उतरलेले चित्र खरे नाही.

या साऱ्यामागील गणित अर्थशास्त्रज्ञांनीही मांडले आहे. जेफ्री एली, अलेक्झांडर फ्रँकेल आणि एमिर कामेनित्सा या तिघांचा उत्कंठा आणि आश्चर्य यांविषयीचा निबंध २०१५ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त प्रसिद्ध झाला. पुढच्या क्षणी आपली समजूत किती बदलू शकेल, यावर उत्कंठा अवलंबून असते, असा त्यांचा विचार थोडक्यात सांगता येईल. म्हणूनच बाद झालेल्याचे नाव आधी न घेता सुरक्षित असलेल्यांची नावे एकेक करून घेतली जातात. दहाजण उभे असताना प्रत्येकावरचे संकट दहात एक असते. एकेक पाठीमागच्या बाकावर जाऊन बसू लागला की ते नवात एक, आठात एक असे वाढत जाते आणि दोघेच उरले म्हणजे निम्म्यावर येते. कार्यक्रमाचा निर्माता हा निबंध वाचून कामाला लागत नाही. मालमसाला विकणाऱ्याला रसायनशास्त्र यावेच लागते असे थोडेच आहे!

या व्यवहारात आपल्या भाषेने परदेशी साच्याला एक अनपेक्षित देणगी दिली आहे, ती नोंदविल्यावाचून राहवत नाही. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे वाक्य निम्म्यावर आले की त्याचा कल कळू लागतो. तेथील निवेदकाला ‘सुरक्षित’ यासारखे एखादे विशेषण शेवटपर्यंत दडवून ठेवावे लागते. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याहूनही शेवटी. ‘तुझा या मंचावरचा प्रवास... आज... इथेच... संपत...’ येथपर्यंत येऊनही काहीच सांगितलेले नसते. ‘आहे’ की ‘नाही’, या दोन अक्षरांत त्या मुलाचे भवितव्य उरलेले असते. हिंदी निवेदकालाही हीच सोय आहे. ज्या वाक्यरचनेवर आम्ही शाळेत व्याकरणाचे तास घालविले, तिचा हा उपयोग दादोबा पांडुरंगांच्या स्वप्नातही आला नसेल. ‘प्रवास’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. बाद झाला, हरला, गेला, हे साधे मराठी शब्द वर्ज्य. माणूस ‘एलिमिनेट’ होतो किंवा त्याचा ‘प्रवास थांबतो’. शब्द जितका मऊ, तितका तो लांबवता येतो.

यावर कायदा काय म्हणतो? अमेरिकेने या क्षेत्रात एक मोठा धडा घेतलेला आहे. १९५६ साली ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत चार्ल्स व्हॅन डोरेन या विद्वान अध्यापकाने हर्बर्ट स्टेम्पेलला हरविले, आणि पुढे उघड झाले की उत्तरे आधीच पुरविलेली होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने संसदीय समितीपुढे कबुली दिली. १९६० साली कायदा दुरुस्त होऊन प्रक्षेपित स्पर्धांचा निकाल आधीच ठरविणे हा गुन्हा झाला. ब्रिटनमध्ये मे २००८ मध्ये नियामक ‘ऑफकॉम’ने ‘आयटीव्ही’ला ५६ लाख ७५ हजार पौंडांचा दंड केला, तो पैसे मोजून दूरध्वनी करणाऱ्या प्रेक्षकांशी काही कार्यक्रमांत गैरव्यवहार झाल्याबद्दल. दोन्हीकडे संरक्षण मिळाले ते निकालाला आणि ग्राहकाला. निकाल सांगण्याच्या रीतीला कोणी हात लावला नाही, आणि प्रौढ स्पर्धकांपुरते ते योग्यही आहे. जो आपल्या इच्छेने, करारावर सही करून रंगमंचावर उभा राहतो, त्याने अर्धे मिनिट तिष्ठावे यात अन्याय काय?

मुलांच्या बाबतीत मात्र हे उत्तर पुरत नाही. ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ने २००८-०९ मध्ये महाराष्ट्राला वेड लावले. फेब्रुवारी २००९ च्या महाअंतिम फेरीत पाच मुले होती, कार्तिकी गायकवाड विजयी झाली आणि त्या पाचांची गाणी लोकांनी आपल्याच घरातील मुलांची म्हणून ऐकली. तो आनंद खरा होता. पण मुलांच्या अशा प्रत्येक स्पर्धेत दर आठवड्याला कोणी ना कोणी मूल त्या मंद दिव्यांखाली उभे राहते. त्याला ना करार कळतो, ना जाहिरातींचे दर. ‘संपत...’ आणि ‘आहे’ यांच्यामधील अंतरात त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, तेच त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे चित्रीकरण असते.

आपल्याकडे नियमांचा अभाव नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०११ साली मुलांच्या सहभागाविषयी मार्गदर्शक सूत्रे केली. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या सुधारित नियमांनुसार कलाकार म्हणून मुलाने दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक, विश्रांतीविना तीन तासांपेक्षा अधिक आणि सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काम करता कामा नये. त्याच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग मुदत ठेवीत गेला पाहिजे. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना मुलांच्या अशोभनीय नृत्यांविषयी तंबी दिली. तास मोजले, पैसा मोजला, अंगविक्षेपही पाहिले. ते अर्धे मिनिट कोणत्याच नियमाच्या हिशेबात आलेले नाही.

उपाय अवघड नाही. निकाल मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना आधी, कॅमेरा नसताना, त्याच्या गुरूच्या तोंडून सांगावा. मग रंगमंचावर त्याची घोषणा हवी तितकी रंगवावी. प्रेक्षकांचे यात काही बुडत नाही. कीर्तनात हरिश्चंद्राचे राज्य परत मिळणार, हे बुवांना ठाऊक असते आणि समोर बसलेल्या आजीबाईंनाही. तरी तारामतीवर तलवार उगारली जाते तेव्हा सभामंडप श्वास रोखतो. ब्रिटनच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’चा रविवारचा निकाल शनिवारी रात्रीच चित्रित होतो, हे जगजाहीर आहे, तरी रविवारी लोक पाहतातच. सांगणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला शेवट माहीत असला म्हणून पाहणाऱ्याची उत्कंठा उणावत नाही.

निर्माते म्हणतील की, मग मुलाचे रडू खरे वाटणार नाही. या आक्षेपावर मंत्रालयाने आणि आयोगाने त्यांचे म्हणणे लेखी मागवावे, आणि पुढच्या हंगामाच्या परवानगीचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातील, तेव्हा ते त्यांना जोडावे.