चौकातील गर्दीचे गणित

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. गाडीबैलांच्या जमान्यातील या वर्तुळाकार बाजारपेठेभोवती आज दुचाकी, रिक्षा आणि टेम्पो यांची दाटी असते. नांदेडला 2008 साली गुरुता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते रुंदावले. परंतु रुंद रस्ता म्हणजे सुरळीत वाहतूक नव्हे. वाढलेली जागा उभी वाहने आणि हातगाडे केव्हाच व्यापून टाकतात.

वाहतूक हे शास्त्र आहे. सिग्नल किती सेकंदांचा असावा, याचे गणित ब्रिटनमधील वेबस्टर यांनी 1958 मध्ये मांडले. मात्र त्यात वाहने रांगेने चालतात, हे गृहीत होते. आपल्याकडे उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि सायकलस्वार विद्यार्थी एकाच पट्ट्यातून वाट काढीत असतात. म्हणूनच केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने मुंबईच्या आय.आय.टी.सह सात शिक्षणसंस्थांच्या सहकार्याने भारतीय रस्त्यांच्या वहनक्षमतेची स्वतंत्र नियमपुस्तिका 2017 मध्ये सिद्ध केली. त्या सातांत मराठवाड्यातील एकही संस्था नव्हती.

वस्तुतः नांदेडला गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 पासून आहे. लातूरलाही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्या चौकातून किती वाहने वळतात, पादचाऱ्याला किती वेळ थांबावे लागते, याची मोजणी करण्यास मोठी यंत्रसामग्री लागत नाही. कागद, घड्याळ आणि चिकाटी पुरते.

या मोजणीचे मोल मोठे आहे. केंद्र सरकारच्या 2015 मधील व्याख्येप्रमाणे, राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसे दगावली, म्हणजे ते ठिकाण अपघातप्रवण ठरते. याचा अर्थ, रस्त्याचा दोष सिद्ध व्हायला आधी माणसांचे बळी पडावे लागतात. थोडक्यात टळलेल्या धडका, अचानक लावलेले ब्रेक आणि वाहनांचा वेग यांची शास्त्रशुद्ध नोंद झाली, तर तोच दोष बळींवाचून दिसू शकेल.

अर्थात प्रबंध कपाटात राहिले, तर हा खटाटोप व्यर्थ होय. निष्कर्ष महानगरपालिका व वाहतूक पोलिसांपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि त्यांनी ते अंमलात आणले पाहिजेत. परीक्षेतील एकेका गुणाचा हिशेब ठेवणारा ‘लातूर पॅटर्न’ ज्या प्रदेशाने घडविला, त्याने शिकवणीला निघालेला विद्यार्थी सुखरूप घरी परततो की नाही, याचाही हिशेब ठेवावयास हवा.