खेपा मोजल्या, पण वेळ मोजली का?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याकडे एक तक्रार हमखास येते : "साहेब, ऊस तुटून पडलाय, गाडीचा पत्ता नाही. ड्रायव्हर कुठं झोपा काढतोय बघा जरा." काट्यावर जावे तर ड्रायव्हरचे म्हणणे उलटे : "रात्रभर नंबरात उभा हाय मी, आन् कामचुकार पण मीच?" बहुतेक वेळा दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते. म्हणून ड्रायव्हरच्या कामाचे माप कसे काढावे आणि कसे काढू नये, हे सभासदांपुढे मांडावे असे आम्हांस वाटले.

हा प्रश्न नुसता ऑफिसच्या कागदांचा नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च आपल्या ऊसबिलातून वजा होतो. गाड्या रखडल्या की जादा गाड्या लावाव्या लागतात, आणि त्याचा बोजा शेवटी सभासदांवरच येतो. शिवाय तुटलेला ऊस उन्हात वाळतो. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत ऊस गाळला जावा असे सांगतात ते उगीच नव्हे. वजन घटते ते त्या सभासदाचे, आणि उसातली साखर मोडून उतारा घटतो तो सगळ्यांचाच. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर ही घट फारच जलद होते.

आमच्याकडून झालेली चूक

प्रथम आमचीच चूक कबूल करतो. गट ऑफिसबाहेर आम्ही खेपांचा तक्ता लावत होतो. ज्याच्या खेपा जास्त त्याचे नाव वर, ज्याच्या कमी त्याचे खाली. वरच्यांना शाबासकी, खालच्यांना बोलणी. झाले काय, तर लांबच्या गावाला जायला कोणी तयार होईना. जवळच्या फडात चार-चार गाड्या, आणि शिवेवरच्या सभासदाचा ऊस दोन-दोन दिवस पडून. लांबच्या फडाला जायचे तर 'खुशाली' मागण्याचे प्रकारही यातूनच वाढतात. खुशाली मागणे गैरच आहे, सभासदांनी ती देऊही नये. पण माप चुकीचे असले की माणसे त्या मापाप्रमाणेच वागू लागतात, हेही तितकेच खरे.

खेपेची ठरीव वेळ

योग्य माप काढायचे तर आधी एका खेपेला रास्त वेळ किती लागतो ते ठरवावे लागते. खेपेचे चार भाग पडतात : रिकामी गाडी फडात जाणे, भरणी, भरलेली गाडी परत येणे, आणि यार्डातले काम, म्हणजे नंबर, भरलेले वजन, गव्हाणीवर रिकामी होणे व रिकामे वजन.

उदाहरणादाखल दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर घेऊ. समजा, रिकामा असता तो ताशी २४ किलोमीटर जातो आणि भरलेला ताशी १५ किलोमीटर. म्हणजे अंतराच्या दर किलोमीटरला जाऊन-येऊन साडेसहा मिनिटे झाली. भरणीला २ तास आणि यार्डात १ तास धरू. फड ६ किलोमीटरवर असेल तर एक खेप ३ तास ३९ मिनिटांची होते. तोच फड २४ किलोमीटरवर असेल तर ५ तास ३६ मिनिटांची.

आता आठवड्याचे ४८ तास धरा. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे हीच मर्यादा घातली होती. या वेळात जवळच्या गाडीला पुऱ्या १३ खेपा बसतात, लांबच्या गाडीला फक्त ८. हे झाले नियोजन.

समजा, आठवड्याअखेर जवळच्या ड्रायव्हरने १२ खेपा केल्या आणि लांबच्याने ८. जुन्या तक्त्यात पहिला शहाणा आणि दुसरा आळशी ठरला असता. प्रत्यक्षात १२ खेपांचे ठरीव तास भरतात ४३ तास ४८ मिनिटे, आणि ८ खेपांचे ४४ तास ४८ मिनिटे. ४८ तासांशी ताडून पाहिले तर पहिल्याचे काम शेकडा ९१ आणि दुसऱ्याचे शेकडा ९३. ज्याला आपण बोलणी दिली असती, त्याचेच काम काकणभर सरस!

खोळंबा कोणाच्या खाती?

एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. पुढच्या आठवड्यात गव्हाण बंद पडली असे समजा. लांबच्या ड्रायव्हरच्या ६ खेपा झाल्या आणि नेहमीच्या तासापेक्षा १० तास तो यार्डात जादा उभा राहिला. ६ खेपांचे ठरीव तास ३३ तास ३६ मिनिटे. ४८ तासांवर काढले तर शेकडा ७०. पण ते १० तास त्याच्या हातातले नव्हते. ते वगळून ३८ तासांवर काढले तर शेकडा ८८.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही हवेत. ७० हा आकडा सांगतो की गाडीचा उपयोग कमी झाला. ८८ हा सांगतो की ड्रायव्हरने आपले काम जवळजवळ चोख केले. मधला फरक कारखान्याच्या खाती लिहायचा. तो ड्रायव्हरच्या माथी मारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. खोळंबा वजा करूनही एखाद्याचा आकडा आठवड्यामागून आठवडा साठीच्या घरात राहिला, तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. मग "नंबरात उभा होतो" ही सबब चालणार नाही.

ठरीव वेळ ठरवायची कोणी?

कामाचे तुकडे पाडून घड्याळाने मोजण्याची रीत अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी रूढ केली. त्यांचे यावरील पुस्तक १९११ साली निघाले. त्याच वर्षी तिथल्या वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतकाम करणाऱ्या कामगारांनी या घड्याळाविरुद्ध संप केला. आपण यातून घ्यायचे ते हे की, ज्याचे काम मोजायचे त्याला विचारात घेतल्याशिवाय माप लादू नये. सर्वांत चलाख ड्रायव्हरची वेळ ही सगळ्यांची ठरीव वेळ होऊ शकत नाही. मधल्या माणसाची, दिवसाची व रात्रीची, डांबरी रस्त्याची व गाडीवाटेची अशी वेळ घेऊन मगच आकडा ठरवावा. ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांचे आकडेही वेगवेगळे हवेत.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, टन मोजा की! पण नुसत्या टनांवर बक्षीस ठेवले की ट्रॉल्या वाजवीपेक्षा जास्त भरतात. उतारावर ब्रेक लागत नाही, ऊस रस्त्यावर सांडतो आणि रात्रीच्या वेळी एखाद्याचा जीव जातो. असला टन आपल्याला नको.

सभासदांनी काय करावे

काट्यावरच्या वेळा संगणक नोंदवतो. फडातल्या वेळा मात्र तुमच्याशिवाय कोणाला खात्रीने ठाऊक नसतात. जीपीएस बसवले तरी गाडी उभी आहे एवढेच कळते, ती का उभी आहे ते कळत नाही. म्हणून आमची विनंती अशी :

१. गाडी फडात आली ती वेळ आणि भरून निघाली ती वेळ, या दोन्ही चिठ्ठीवर आपल्यासमोर लिहून घ्याव्यात.

२. भरणीला उशीर झाला तर कारण खरे लिहावे. टोळी कमी होती, की ट्रॅक्टर रुतला, की ऊसच पुरा तुटला नव्हता?

३. तोडणीची तारीख ठरल्यावर फडाला पाणी देऊ नये व गाडीवाट मोकळी ठेवावी. ओल्या रानात गाडी फसली तर ते तास ड्रायव्हरच्या नव्हे, आपल्या खाती जातात.

खेपांचा जुना तक्ता आम्ही काढला आहे. त्या जागी दर आठवड्याला नवा तक्ता लागेल. त्यात प्रत्येक गाडीच्या नियोजित खेपा, झालेल्या खेपा आणि खोळंब्याचे तास असतील. हे तास यार्ड, फड व रस्ता अशा तीन रकान्यांत वेगवेगळे दाखवू. यार्डाचा रकाना फुगलेला दिसला तर सभासदांनी आम्हांस खुशाल जाब विचारावा. फडाचा रकाना फुगला तर आम्ही आपल्या बांधावर येऊ.