गर्भाशयमुखाचा कर्करोग : कोणती तपासणी जीव वाचवते?

कसबा बावड्यातल्या कष्टकरी भगिनींपुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा विषय निघाला, की आधी रोजगाराचा प्रश्न येतो. कामाचा खाडा करून लाईन बाजारच्या सेवा रुग्णालयात केसपेपर काढायचा, तर त्या तपासणीने जीव खरोखर वाचतो का? प्रश्न रास्त आहे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले : ऐकीव म्हणून मानू नका, पारखून घ्या.

ही पारख आपल्याच महाराष्ट्रात झाली. १९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी खेड्यांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया त्यात होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भाग पाडले. एका भागात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे, दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर घेऊन करायची पॅप तपासणी, तिसऱ्यात एचपीव्ही या विषाणूची तपासणी. चौथ्या भागात तपासणी नाही. तपासणी एकदाच झाली आणि पुढे काही वर्षे नोंदी ठेवल्या. निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्हीच्या भागात या रोगाने ३४ मृत्यू, विनातपासणी भागात ६४. इतर दोन तपासण्यांनी मृत्यूंत ठाम फरक पडला नाही.

म्हणून स्वस्त तपासणी कुचकामी समजू नये. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी तीच आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मात्र विनातपासणी ठेवलेल्या त्या बाया गरीबच होत्या. त्यांना सर्व नीट समजावले होते का, यावरून पुढे टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ज्यांच्या देहावर ही तुलना झाली, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत तिचे फळ आधी पोचावे. परंतु केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांत ३० ते ६५ वयासाठी पाच वर्षांतून एकदा आम्लाचीच तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही तपासणीला पसंती देते. तिचा नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. लाजेपायी मागे राहणाऱ्या भगिनींसाठी ही केवढी सोय!

तेव्हा शिबिरात गेलात, तर विचारा : तपासणी कोणती? पुन्हा कधी यायचे? दोष निघाला तर उपचार कुठे? आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर शिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.